मांजराला घर मिळवून देताना: शेल्टरमध्ये नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

मांजरांच्या शेल्टरमध्ये काम करायचं म्हणजे मांडीवर पिल्लं घेऊन बसायचं, अशी कल्पना करून येणारे पुष्कळ असतात. पहिल्या महिन्यात हातात येते ती बादली, ब्रश आणि लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये टाकायची माती) चाळायचा जाळीचा झारा. त्यात कंटाळून जाणारे दुसऱ्या रविवारनंतर दिसत नाहीत. पण कोणत्या मांजराला कोणतं घर द्यायचं हे ठरतं ते याच साफसफाईत दिसलेल्या गोष्टींवरून. वाटी ठेवल्यावर कोण पुढे येतं, झाडूच्या आवाजाला कोण दचकतं, शेजारच्या पिंजऱ्यातल्या बोक्यावर कोण फिस्कारतं, हे ऑफिसमध्ये बसून फॉर्म वाचणाऱ्याला कळत नाही.

परळचं बाई साकरबाई दिनशा पेटीट जनावरांचं रुग्णालय किंवा पुण्याची रेस्क्यू अशा मोठ्या संस्था सोडल्या, तर आपल्याकडची बहुतेक कामं छोट्या जागेत चालतात. दोन-तीन खोल्या, तीस-चाळीस मांजरं, आणि तेवढीच आणखी फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरती, लोकांच्या घरी. खालच्या सूचना अशा ठिकाणांसाठी आहेत.

1. पाऊल टाकण्याआधी: लशी, कपडे, कागद

रेबीजची लस आधी घ्या. चावा बसण्यापूर्वीचा कोर्स तीन डोसांचा असतो: पहिला दिवस, सातवा दिवस आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस. तिसरा डोस होईपर्यंत फक्त माणसाळलेल्या, लसीकरण झालेल्या मांजरांच्या खोलीत काम करा. हा कोर्स झालेल्या माणसाला पुढे चावा बसला तर सहसा दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा.

कपडे जुने, सुती आणि पायघोळ. ओढणी, लोंबते कानातले, मोकळे केस नकोत. बंद चपला किंवा बूट शेल्टरमध्येच ठेवायचे. तुमच्या घरी मांजर असेल तर तिचं लसीकरण पूर्ण हवं, आणि परत गेल्यावर कपडे बदलून, हात धुऊनच तिला जवळ घ्यायचं. घरातलं मांजर नुकतंच उलट्या-जुलाबांनी गेलं असेल तर हे आधी सांगा आणि संस्था म्हणेल तोपर्यंत येऊ नका. याचं कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

सोबत आणायचं:
- आधार कार्डाची प्रत आणि एक फोटो
- अडीअडचणीला फोन करायचा घरच्या माणसाचा नंबर
- रेबीज लशीचा कागद
- वय 18 पेक्षा कमी असेल तर पालकांची सही असलेलं संमतिपत्र

वेळ किती देता यापेक्षा कधी देता हे महत्त्वाचं. दर बुधवारी सकाळी तीन तास येणारा माणूस हा महिन्यातून एकदा अख्खा दिवस येणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचा, कारण त्याला गेल्या बुधवारचं मांजर आठवतं.

2. साफसफाईचा क्रम

क्रम एकच: आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठी मांजरं, मग नवी आलेली (ही किमान 14 दिवस वेगळी ठेवतात), आणि सगळ्यात शेवटी आजारी. उलट फिरायचं नाही. आजारी खोलीतून बाहेर पडल्यावर "जरा पिल्लं बघून येतो" हे चालत नाही, कितीही हात धुतले तरी. प्रत्येक खोलीचा झाडू, पोछा आणि बादली वेगळी असते. ती अदलाबदल झाली की क्रम पाळूनही उपयोग नसतो.

एवढी काटेकोरी पॅनल्यूकोपेनियामुळे. लस न झालेल्या पिल्लांत हा आजार दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो, आणि त्याचा विषाणू फरशी, कापड, पिंजऱ्याचे सांधे यांत एक वर्षापर्यंत तग धरतो. साध्या साबणाने तो मरत नाही. स्पिरिटनेही नाही. घरगुती ब्लीच (साधारण 5 टक्क्यांचं) एक भाग आणि पाणी 32 भाग, म्हणजे लिटरभर पाण्यात 30 मिली, असं द्रावण रोज ताजं करायचं. जागा आधी साबणाने घासून धुवायची, कारण घाण राहिली तर ब्लीच तिच्यातच खर्ची पडतं. मग द्रावण लावून 10 मिनिटं ओलं ठेवायचं, मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करायचं. मांजर तोवर दुसरीकडे. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो.

फिनाईल मात्र शेल्टरच्या उंबऱ्याच्या आतही नको. फिनॉलवर्गातली जंतुनाशकं मांजराचं यकृत पचवू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. ओळखायची सोपी खूण: पाण्यात टाकल्यावर जे दुधाळ पांढरं होतं ते मांजरांच्या आसपास वापरायचं नाही. यात फिनाईल आलं आणि डेटॉलसारखी द्रवंही आली. देणगीत येणाऱ्या सामानात या बाटल्या हमखास असतात, कारण देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. त्या बाजूला काढा.

निरोगी, रुळलेल्या मांजराचा पिंजरा मात्र रोज धुऊन काढू नका. लिटर उपसा, सांडलेलं पुसा, आणि त्याचं पांघरूण मळलेलं नसेल तर तेच राहू द्या. त्याचा स्वतःचा वास गेला की ते पुन्हा नव्या जागी आल्यासारखं बावरतं.

लिटर उपसताना डोळे उघडे ठेवा. लघवीचे गोळे किती आणि केवढे, शी घट्ट की पातळ, त्यात जंत किंवा रक्त आहे का. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवी थेंबभरच होतेय किंवा होतच नाही, असं दिसलं तर ती तातडीची गोष्ट आहे. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दिवस-दोन दिवसांत दगावू शकतो. मोठ्या मांजराने 24 तास काही खाल्लं नसेल तर तेही सांगायचं, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते. लहान पिल्लाने सलग दोन वेळा तोंड फिरवलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

3. मांजराजवळ जाताना

समोरून, वरून, टक लावून जायचं नाही. पिंजऱ्याच्या बाजूला तिरपं बसा, एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, थोडं लांब धरा आणि थांबा. मांजर येऊन हुंगेल, गाल घासेल किंवा मागे सरेल. मागे सरलं तर आजचं उत्तर मिळालं. गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. ते पुन्हा हाताशी आलं तर पुढे. ही तीन सेकंदांची सवय लावून घेतली की निम्मे ओरखडे वाचतात.

शेपटीचं टोक आपटायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले, की हात थांबवायचा. पोट वर करून लोळणारं मांजर विश्वास दाखवत असतं, पोटावर हात मागत नसतं. घुरघुर म्हणजे खूशच असंही नाही. दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अंग आपल्या छातीशी. मानेच्या कातडीला धरून लोंबकळवायचं नाही. अगदीच घाबरलेल्याला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर.

चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. मग त्याच दिवशी डॉक्टर. मांजराचे सुळे बारीक आणि लांब असल्यामुळे वरून टाचणीएवढी दिसणारी जखम आत खोल असते, आणि हात 24 तासांत सुजू शकतो. हळद लावून गप्प बसू नका, आणि मांजराला बोल लागेल म्हणून लपवूही नका.

नवं मांजर ट्रेमध्येच बसून राहत असेल तर ते घाणेरडं नाही, घाबरलेलं आहे. त्याला लपायला दुसरी जागा नाही. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमधला, 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: लपायला खोकं मिळालेली मांजरं न मिळालेल्यांपेक्षा लवकर शांत झाली. ऑनलाईन खरेदीची खोकी अशी सत्कारणी लागतात.

4. वही

प्रत्येक मांजराचं एक पान. "खूप गोड आहे", "प्रेमळ आहे", "जरा रागीट" असल्या नोंदी कुणाच्याच कामाच्या नसतात. जे दिसलं ते लिहायचं, अर्थ नंतर लावायचा. नमुना म्हणून एक नोंद:

"पिंजरा 7. तीनरंगी भाटी, अंदाजे 2 वर्षं, डाव्या कानाचं टोक कापलेलं (नसबंदी झालेली). वाटी ठेवताना मागे, मी तीन पावलं लांब गेल्यावर खाल्लं. ब्रशने गाल विंचरू दिला, पाठ नाही. शेजारच्या पिल्लांकडे बघत बसते, फिस्कारत नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा खोक्यात गेली, चार मिनिटांनी बाहेर. पुरुष स्वयंसेवक आल्यावर बाहेर आलीच नाही."

एवढ्यावरून कळतं की हिला लहान मुलांचं घर नको, दुसरं शांत मांजर चालेल, आणि घरात पुरुष असेल तर पहिल्या भेटीत त्याने जमिनीवर बसून राहायचं.

पहिल्या तीन दिवसांतल्या नोंदींवरून स्वभाव ठरवू नका. आठवडाभराने एक छोटी परीक्षा घ्या. मांजराला मोकळ्या, अनोळखी खोलीत कॅरियरसकट (मांजर न्यायच्या पेटीसकट) ठेवा, दार उघडा, एका कोपऱ्यात बसा आणि वेळ मोजा. किती मिनिटांनी बाहेर आलं, आधी खोली हुंगली की आधी तुमच्याकडे आलं, दोरी हलवल्यावर खेळलं का. अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेची मांजरं आणि घरं जुळवायची एक पद्धत आहे, तीही मुळात याच दोन प्रश्नांवर उभी आहे: नव्या जागेत मांजर किती धीट, आणि माणसात किती मिसळणारं.

रंगावरून स्वभाव सांगू नका, लोक विचारतील तरी. रंगावरून खात्रीने सांगण्यासारखं थोडंच आहे. तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, नारिंगी बहुतेकदा बोका असतो, आणि निळ्या डोळ्यांचं पांढरंशुभ्र मांजर बहिरं असण्याची शक्यता बरीच. त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून बघा. काळ्या मांजरांना "आडवं जातं" म्हणून आजही नकार मिळतात. त्यांच्यासाठी वाद घालण्यापेक्षा फोटो चांगले काढा: खिडकीच्या उजेडात, फिक्या चादरीवर, डोळ्यांच्या उंचीवरून, फ्लॅश बंद. मोबाईल काळ्या मांजराचा काळा गोळा करतो. म्हणून स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्याला बोट लावून उजेड वाढवा.

5. मांजर द्यायला तयार आहे का

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. दहा ते बारा आठवडे उत्तम, कारण चावा किती जोरात घ्यायचा हे ते आई आणि भावंडांकडून शिकतं. आठ आठवड्यांचं धडधाकट पिल्लू पाऊण ते एक किलोच्या आसपास भरतं. त्याहून बरंच हलकं असेल तर आधी तपासणी.

तीन आजारांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत दिली जाते. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. जंताचं औषध त्याआधीपासून. मोठ्या मांजरांची एफआयव्ही आणि एफईएलव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारे दोन विषाणू) यांची चाचणी झाली असेल तर निकाल कार्डावर हवा. कान, डोकं, पंजे यांवर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं. ते माणसांनाही होतं, आणि तपासल्याशिवाय तसं पिल्लू लहान मुलांच्या घरी पाठवलं तर आठ दिवसांत घरभर खाज सुटते.

नसबंदी करूनच मांजर देणं सगळ्यात बरं. भाटी चार महिन्यांतही माजावर येऊ शकते आणि गाभण राहिली तर साधारण 63 ते 65 दिवसांत विते. "लहान आहे, पुढे करून घेऊ" म्हणणारे खोटं बोलत नसतात, त्यांना हा हिशेब माहीत नसतो. पिल्लू फारच लहान असताना द्यावं लागलं तर करारात तारीख, डॉक्टरांचं नाव आणि आठवण करणाऱ्या स्वयंसेवकाचं नाव लिहा. "मादीच हवी, एकदा पिल्लं होऊ देणार" म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही सांगायचं.

6. घर मागायला आलेल्यांशी बोलणं

हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. "मांजराची काळजी घ्याल ना?" याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. हे विचारा:

काल दुपारी दोन वाजता घरात कोण होतं? मांजर पहाटे चारला ओरडलं तर उठणार कोण? लिटर रोज कोण उपसणार? गणपतीत गावी जाता तेव्हा घराची चावी कुणाकडे असते? घर भाड्याचं असेल तर मालकाला माहीत आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचा: घरात कुणाला मांजर नको आहे?

या शेवटच्या प्रश्नावर क्षणभर शांतता झाली तर ज्यांचं नाव निघेल त्या सासूबाई, वडील किंवा रूममेट यांच्याशी स्वतः बोला. मांजर परत येतं ते बऱ्याचदा त्या एका माणसामुळे, आणि त्यांची अडचण सहसा साधी असते: देवघरात येईल, सोफा फाडेल, केस जेवणात पडतील. ऐकून घेतलं तर निम्म्यांचा विरोध मावळतो. उरलेल्या निम्म्यांच्या घरी मांजर द्यायचं नाही.

सोसायटीची भीती खूप जण बोलून दाखवतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घरमालकाबरोबरचा भाडेकरार मात्र वेगळा, त्यात "प्राणी नकोत" असेल तर लेखी परवानगी मागा. अकरा महिन्यांनी घर बदलताना काय करणार, हेही आजच विचारा.

शाकाहारी घर म्हणून नकार द्यायचं कारण नाही, पण एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हा घटक त्याला अन्नातून मिळावाच लागतो, नाहीतर डोळे आणि हृदय निकामी होतं. दूध-पोळीवर ते जगत नाही, आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. तयार मांसाहारी खाद्य घरात चालणार असेल तर पुढे बोला.

गरोदर बाई घरात आहे म्हणून मांजर परत करणारी कुटुंबं पुष्कळ. म्हणून नवं लग्न झालेल्या जोडप्याला हे आधीच सांगा. टोक्सोप्लाझ्मा हा गर्भाला धोकादायक ठरू शकणारा परजीवी मांजराच्या ताज्या शीतून लगेच पसरत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. लिटर रोज, दुसऱ्या कुणीतरी उपसलं, आणि मांजराला कच्चं मांस दिलं नाही, तर मांजर घराबाहेर काढायची गरज नसते. बाईंनी त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारावं, पण हा प्रश्न आठव्या महिन्यात पहिल्यांदा निघायला नको.

खर्चाचं बोलताना किलोत बोला, रुपये गावागणिक बदलतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम कोरडं खाद्य, म्हणजे महिन्याला दीड ते पावणेदोन किलो. मातीचं लिटर महिन्याला पाच ते आठ किलो. वर्षातून एकदा लस. आणि अचानक येणाऱ्या दवाखान्याच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेली काही रक्कम. वाढदिवसाची भेट म्हणून कुणाला मांजर द्यायचं असेल, तर ज्याला मिळणार आहे तो स्वतः येईपर्यंत थांबायचं.

7. खिडक्या: यात सवलत नाही

मांजर पडत नाही, पडलं तरी चार पायांवर पडतं, हे पक्कं डोक्यात बसलेलं असतं. चार पायांवर पडूनही जबडा फुटतो, फुप्फुसाला मार बसतो. कबुतरामागे झेपावलेलं मांजर सातव्या मजल्याचा विचार करत नाही.

फोटो मागू नका. मुख्य दारापासून सुरू करून सगळ्या खोल्यांत न थांबता फिरवलेला एकच व्हिडिओ मागा, बाथरूम आणि ड्राय बाल्कनीसकट. त्यात काय बघायचं:

कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर चावून तोडतं, आणि खालच्या कडेला हूक सैल असले तर डोकं घालून बाहेर निघतं. वेल्क्रोने चिकटवलेली मच्छरजाळी पंज्याच्या एका फटक्यात सुटते. सरकत्या खिडकीला एकाच बाजूला जाळी असते, दुसरी बाजू "आम्ही उघडतच नाही" म्हणतात. पाहुणे उघडतात. सज्जाच्या लोखंडी ग्रिलच्या गजांत चार-पाच सेंटिमीटर जागा असली तर पिल्लू निघून जातं. डोकं गेलं की अंग जातं. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या, एसीच्या पाईपचं भोक, डक्टकडे उघडणारी छोटी खिडकी या जागा व्हिडिओत हमखास राहून जातात, म्हणून नाव घेऊन दाखवायला सांगा.

चालतं ते हे: चौकटीत स्क्रूने बसवलेली स्टीलची जाळी, किंवा आडव्या-उभ्या गजांच्या ग्रिलवर आतून तारेने घट्ट बांधलेली वेल्डेड जाळी. बांधून झाली की तळहाताने चारही कोपरे जोरात दाबा. कोपरा बोटभर जरी हलला तर अजून काम बाकी आहे. जाळी "पुढच्या आठवड्यात" बसणार असेल तर मांजरही पुढच्या आठवड्यात.

8. जोडी जमवणं

लोक फोटो बघून येतात, बहुधा सगळ्यात गोंडस पिल्लासाठी. त्यांना ते पिल्लू दाखवा, पण वहीतली दुसरी दोन पानंही उघडा.

दोघेही नोकरीला जाणाऱ्यांच्या रिकाम्या घरी एकटं पिल्लू देऊ नका. ते दिवसभर साठवलेली ताकद रात्री त्यांच्या पायांवर काढतं आणि महिनाभरात "फार चावतं" म्हणून परत येतं. एकतर दोन भावंडं एकत्र द्या, किंवा तीन वर्षांपुढचं शांत मांजर. दोन पिल्लांचा खर्च वाढतो, त्रास मात्र कमी होतो, हे पटवायला वेळ लागतो. वेळ द्या.

पाच वर्षांखालची मुलं असतील तर नाजूक पिल्लापेक्षा धीट, वाटेल तेव्हा उठून जाणारं मोठं मांजर बरं. एकट्या आजी-आजोबांच्या घरी पायात घोटाळणारं पिल्लू पडण्याचं निमित्त होतं. त्यांना पाच-सहा वर्षांचं, मांडी आवडणारं मांजर द्या, आणि आजारपणात त्याला कोण नेईल त्या मुलाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर घ्या. घरी आधीच बारा वर्षांची भाटी असेल तर तिच्यावर चार महिन्यांचा बोका लादू नका. एकमेकांना चिकटून झोपणारी जोडी तोडायची नाही, मग ती वर्षभर थांबली तरी चालेल.

ॲलर्जीची शंका असणाऱ्याने दोन वेगळ्या दिवशी मांजरांच्या खोलीत तासभर बसावं आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा.

भेट अशी घडवा: शांत खोली, घरातली सगळी माणसं जमिनीवर, मोबाईल खिशात. मांजराला आणून कुणाच्या मांडीवर ठेवायचं नाही. दार उघडून ठेवायचं आणि वीस मिनिटं गप्पा मारायच्या. कुणी मागे लागतं, कुणी "आमच्याकडे येतच नाही" म्हणून खट्टू होतं, कुणी चिमुरड्याला सांगतं "थांब, तिला येऊ दे". तुम्ही मांजराइतकंच माणसांकडेही बघा. होकार त्याच दिवशी देऊ नका, एक रात्र मध्ये जाऊ द्या.

9. सोपवण्याचा दिवस

दिवाळीच्या आठवड्यात, विसर्जनाच्या दिवशी आणि 31 डिसेंबरला मांजर सोपवायचं नाही. नव्या घरात फटाका वाजला की ते कपाटामागे जातं किंवा उघड्या दारातून बाहेर.

कॅरियर टणक आणि वरून उघडणारा. बाजाराची पिशवी, पुठ्ठ्याचं खोकं, मांडीवर ओढणीत, यांतलं काही नाही. कुरिअर किंवा एकट्या टॅक्सीवाल्याबरोबर मांजर पाठवायचं नाही.

घेणाऱ्याकडून: ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत, भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी, सही केलेलं अ‍ॅडॉप्शनपत्र (त्यात "सांभाळता आलं नाही तर दुसऱ्याला न देता शेल्टरला परत" हे कलम हवंच). घेणाऱ्याला: लसीकरण कार्ड, जंताच्या औषधाची पुढची तारीख, नसबंदीचा दाखला, आठवडाभराचं सध्याचं खाद्य, आणि त्याच्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर. नव्या ट्रेमध्ये ते टाकलं की मांजराला जागा ओळखू येते.

एका कागदावर ठळक अक्षरात लिहून द्या: पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला लावायचे नाहीत. लिलीची फुलं, डांबर गोळ्या, कांदा-लसूण, फिनाईल घरात मांजराच्या वाटेत नको.

पहिले तीन दिवस एकच खोली. ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी दुसऱ्या, लपायला खोकं. नातेवाईकांना बोलावून दाखवण्याचा कार्यक्रम नंतर. खाद्य बदलायचं असेल तर सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळून. घरात दुसरं मांजर असेल तर आधी बंद दार, दोघांची पांघरुणं अदलाबदल, मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आणि एक-दोन आठवड्यांनी फटीतून दर्शन. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त.

10. नंतरचे फोन, आणि परत आलेलं मांजर

फोन दुसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी आणि तीन महिन्यांनी. "कसं चाललंय?" याचं उत्तर "छान" असतं. विचारा: काल किती खाल्लं, ट्रेमध्ये किती गोळे होते, झोपतं कुठे, जाळीचा फोटो पाठवता का. दुसऱ्या दिवशी मांजर पलंगाखालीच आहे म्हणून घाबरलेल्यांना सांगा की रात्री खात असेल आणि ट्रे वापरत असेल तर ठीक आहे. 24 तास खाल्लं नसेल तर दवाखाना.

मांजर परत आणणाऱ्याला दारात बोल लावू नका. लावलात तर पुढचा माणूस परत न आणता ते रस्त्यावर सोडेल. चहा द्या, बसवा, आणि नेमकं काय झालं ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या: कोणत्या वेळी, कुणाला चावलं, त्याआधी काय चाललं होतं, सोफ्यावर लघवी केली तेव्हा ट्रे कुठे होता आणि शेवटचा कधी उपसला होता. मांजर मात्र सरळ जुन्या खोलीत न सोडता पुन्हा 14 दिवस वेगळं, तपासणी करून, पुठ्ठ्याच्या खोक्यासकट. त्याच्या पानावर नवी तारीख घाला.